एक वर्ष, तीन वर्षं, सात वर्षं

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा मुलाला कोणत्या भाषेत शिकवावं? अमेरिकेत हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीतून कोर्टात गेला, कोर्टातून संसदेत, तिथून मतपेटीत आणि फिरून पुन्हा वर्गात आला. एवढ्या फेऱ्या झाल्या तरी अभ्यासकांचे तट काही मिटले नाहीत. एकाने पाहणी करायची, दुसऱ्याने त्या पाहणीची चिरफाड करायची आणि तिसऱ्याने दोघांचे आकडे एकत्र करून तिसरंच काहीतरी काढायचं, असं दोन-तीन दशकं चाललं. या ढिगात शिरणाऱ्या वाचकाच्या हाती एखादं सूत्र असावं, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे. सूत्र आधीच सांगून टाकतो. हा वाद वरून भाषेचा दिसतो, पण त्यातली निम्मी भांडणं मुदतीची आहेत. मूल कितव्या वर्षी मोजलं, मोजताना कुणाला धरलं आणि कुणाला वगळलं, एवढं विचारलं की परस्परविरोधी वाटणारे बरेच निष्कर्ष मुकाट्याने शेजारी शेजारी बसतात.

अमेरिकेच्या सरकारी शाळांत आज पन्नास लाखांहून अधिक मुलं 'इंग्रजी शिकणारी' या सदरात मोडतात. ढोबळमानाने दहांत एक. त्यांतली तीन-चतुर्थांश घरी स्पॅनिश बोलतात. उरलेल्यांत अरबी, चिनी, व्हिएतनामी आणि कितीतरी भाषा आहेत, मराठीही आहे. शाळेत नाव घालताना पालकांकडून एक छोटा फॉर्म भरून घेतात. मूल आधी कोणती भाषा बोलायला शिकलं? घरात जास्त कोणती भाषा चालते? मोठी माणसं मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात? या रकान्यांत 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी ठरलेली. न्यू जर्सीत एडिसनला किंवा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नव्याने गेलेल्या आपल्या लोकांना 'सरळ इंग्लिश लिहून मोकळी हो, उगाच वेगळं काढून बसवतील' हा सल्ला हमखास मिळतो. रविवारी मुलाला गाडीत घालून महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत नेणारी आई सोमवारी सरकारी कागदावर मराठी लपवते. तिला हसण्यात अर्थ नाही. हे लेबल एकदा लागलं की काढायला वेळ लागतो, हे तिने ऐकलेलं असतं आणि ते खोटंही नाही. मात्र इंजिनिअर आईबापांचं हे मूल वर्ष-दोन वर्षांत त्या यादीतून सहसा बाहेर पडतं. त्याच यादीत कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत द्राक्षं तोडणाऱ्या मजुराची मुलगीही असते आणि तिची गोष्ट निराळी असते. दोघांना एकाच सरासरीत कोंबणारा आकडा समोर आला तर वाचकाने तिथेच जरा थबकावं.

ही यादी आली कुठून, तर एका खटल्यातून. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत १९७०च्या सुमारास इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुलं होती. त्यांतल्या हजारेक मुलांना इंग्रजीची थोडी जादा शिकवणी मिळे; उरलेली १,८०० मुलं नुसती बाकावर बसून असत. पुस्तक तेच, बाई त्याच, तास तेवढेच. शाळेचं म्हणणं असं, की आम्ही सगळ्यांना सारखंच देतो, मग अन्याय कसला? किन्नी लाउ या मुलाच्या नावाने लढवलेल्या या खटल्यात जिल्हा न्यायालय आणि अपील न्यायालय दोघांनीही शाळेची बाजू उचलून धरली. २१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने उलटवली. न्यायमूर्ती डग्लस यांच्या निकालपत्राचं सार एवढंच, की ज्या मुलाला इंग्रजी कळत नाही त्याला सर्वांच्यासारखंच पुस्तक आणि सर्वांच्याच बाई देणं ही समान वागणूक होत नाही. निकालाचा आधार १९६४चा नागरी हक्कांचा कायदा होता.

या निकालात एक जागा कोर्टाने मोकळी सोडली. उपाय काय करायचा, हे सांगितलंच नाही. इंग्रजी जादा शिकवा, चिनीतून शिकवा किंवा आणखी काही करा. काहीतरी करा, एवढंच. १९८१ साली टेक्ससमधल्या कास्टानेडा खटल्यात अपील न्यायालयाने तीन कसोट्या घालून दिल्या: पद्धतीमागे काही मान्य सिद्धांत हवा, ती नीट राबवायला माणसं आणि पैसा हवा, आणि काही काळाने तिचा परिणाम दिसायला हवा. 'काही काळाने' म्हणजे किती, हे त्यांनीही सांगितलं नाही. पुढची सगळी लढाई त्या मोकळ्या जागेत झाली.

त्याआधीचा इतिहास मात्र आपल्या समजुतीहून वेगळा आहे. अमेरिका म्हणजे पहिल्यापासून इंग्रजीच, असं आपल्याला वाटतं. पण ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत १८४०पासून सरकारी शाळांत जर्मन आणि इंग्रजी दोन्हीतून शिकवत असत, आणि ते पहिल्या महायुद्धापर्यंत टिकलं. मग जर्मन म्हणजे शत्रूची भाषा ठरली. नेब्रास्काने १९१९ साली आठवी पूर्ण होईपर्यंत इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा शिकवायला बंदी घातली. रॉबर्ट मायर नावाचा शिक्षक दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून वाचायला शिकवताना सापडला आणि त्याला २५ डॉलर दंड झाला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला, पण तोवर शाळांतलं जर्मन जवळपास संपलेलं होतं.

दक्षिणेकडे टेक्ससमध्ये शाळेच्या आवारात स्पॅनिश बोललं की शिक्षा, हा रिवाज १९६०च्या दशकातही होता. १९२८ साली कोटुला गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेवर वीस वर्षांचा एक मास्तर आला. उत्साही होता, पहिल्या पगारातून त्याने मुलांना खेळाचं सामान आणलं, वादविवाद स्पर्धा भरवल्या. आणि शाळेत स्पॅनिश बोलायला सक्त मनाई केली. चाळीस वर्षांनी, २ जानेवारी १९६८ला, त्याच लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून द्विभाषिक शिक्षण कायद्यावर सही केली. याला हृदयपरिवर्तन म्हणण्याची घाई मी करणार नाही. कायदा सिनेटर राल्फ यारबरो यांच्या चिकाटीचा, पहिल्या वर्षीची तरतूद ७५ लाख डॉलर, आणि द्विभाषिक वर्ग म्हणजे नक्की काय याची व्याख्या त्यात नाहीच. मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३पासून क्यूबन निर्वासितांची आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकत्र येऊन दोन्ही भाषांतून शिकत होती; तो नमुना डोळ्यांसमोर होता. पण कायद्याखाली देशभर निघालेले बहुतेक वर्ग तसे नव्हते. मुलाला स्पॅनिशमध्ये थोडं वाचायला शिकवायचं आणि जमेल तितक्या लवकर इंग्रजी वर्गात ढकलायचं, असा त्यांचा बेत. मॅसॅच्युसेट्सच्या १९७१च्या कायद्याने त्याला तीन वर्षांची मुदत घातली, आणि १९८८ साली केंद्रानेही बहुतेक मुलांसाठी तीन वर्षंच ठरवली. तीनच का? कोणत्याही पाहणीतून हा आकडा निघालेला नव्हता. तो राजकारण्यांना पटेल असा आकडा होता.

मुलाला वेळ किती लागतो, यावर टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांच्या नोंदी तपासून जिम कमिन्स यांनी १९८०च्या सुमारास एक भेद मांडला. खेळाच्या मैदानावरचं इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत येतं. तिथे हातवारे असतात, समोर चेंडू असतो, चुकलं तर दोस्त सावरून घेतो. चौथीच्या विज्ञानाच्या पुस्तकात यांपैकी काहीच नसतं. तिथलं इंग्रजी वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं जातात. पुढे २०००मध्ये केंजी हाकुता आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या आणि कॅनडातल्या शाळांची माहिती घेतली, तेव्हा बोलण्याला तीन ते पाच आणि अभ्यासाच्या भाषेला चार ते सात वर्षं असा हिशेब निघाला. हा फरक ठाऊक नसलेल्या बाईंना वाटतं, हा तर फडाफडा बोलतो, मग गणितात का अडतो? लक्ष नसेल, नाहीतर डोकं नसेल. कमिन्स यांच्या भेदावर पुढे पुष्कळ टीका झाली, पण वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला तो लगेच पटतो.

आता मोजमापाकडे. केंद्र सरकारने करवून घेतलेला डेव्हिड रामिरेझ यांचा अहवाल १९९१ साली आला. पाच राज्यांतली दोन हजारांहून अधिक स्पॅनिश बोलणारी मुलं आणि तीन प्रकारचे वर्ग: सगळं इंग्रजीतून, सुरुवातीला स्पॅनिश मग लवकर इंग्रजी, आणि सहावीपर्यंत निदान चाळीस टक्के वेळ स्पॅनिश. तिसरीअखेर पाहिलं तर पहिल्या दोन प्रकारांत इंग्रजीत फरक नाही. इंग्रजीवाल्यांनी म्हटलं, पाहा, स्पॅनिशने काही वाढलं नाही. स्पॅनिशवाल्यांनी म्हटलं, पाहा, काही वेळ स्पॅनिशला देऊनही काही घटलं नाही. तिसरीनंतर खरी गंमत सुरू होते. लवकर इंग्रजीत गेलेल्या मुलांची प्रगती मंदावली. स्पॅनिश सहावीपर्यंत टिकवलेल्या मुलांची चाल वाढत गेली. मात्र हे उशिराचे वर्ग ज्या गावांत होते तिथे बाकीचे दोन प्रकार नव्हते, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने पुढच्याच वर्षी हे बोट ठेवलं आणि ते रास्त होतं. त्या अहवालातली मला अधिक मोलाची वाटणारी नोंद कुणीच फारशी सांगत नाही: तिन्ही प्रकारच्या वर्गांत बहुतेक वेळ बाईच बोलत होत्या. मुलं ऐकत होती, नाहीतर एका शब्दात उत्तर देत होती. भाषा कोणतीही असो, ती वापरायला मुलांना जागाच नव्हती.

यानंतर कॅलिफोर्निया. १९९६ साली लॉस एंजेलिसमधल्या नाइन्थ स्ट्रीट शाळेवर लॅटिनो आईबापांनी बहिष्कार टाकला. शिवणाच्या कारखान्यांत राबणारी माणसं. त्यांचं म्हणणं, आमच्या मुलांना इंग्रजी शिकवा. द्विभाषिक शिक्षणाच्या कैवाऱ्यांना ही घटना अजून टोचते आणि टोचायलाही हवी. 'द्विभाषिक' म्हणवणारे कितीतरी वर्ग तिथे प्रशिक्षण नसलेल्या माणसांच्या भरवशावर चालत, आणि काही मुलं वर्षानुवर्षं तिथेच राहत. सॉफ्टवेअर उद्योजक रॉन अन्झ यांनी हा राग हेरला. गणिताचे नामांकित शिक्षक हाइमे एस्कालांते मोहिमेचे मानद अध्यक्ष झाले. २ जून १९९८ रोजी 'प्रस्ताव २२७' ६१ टक्के मतांनी मंजूर झाला: इंग्रजी न येणाऱ्या मुलाला सर्वसाधारणपणे एक वर्ष सोप्या इंग्रजीचा वर्ग, मग सरळ मुख्य वर्गात. एक वर्ष! आधीच्या पाहण्यांत लॅटिनो मतदार अनुकूल दिसत होते. प्रत्यक्ष मतदानात त्यांतल्या बहुसंख्यांनी विरोध केला. ॲरिझोनाने २०००मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने २००२मध्ये तीच वाट धरली. कोलोरॅडोच्या मतदारांनी मात्र २००२मध्ये ती नाकारली.

कॅलिफोर्नियात लगेच गुण वाढले. ओशनसाइडच्या शाळांचे प्रमुख केन नूनन हे एकेकाळी द्विभाषिक शिक्षकांच्या राज्य संघटनेचे संस्थापक-अध्यक्ष. त्यांनी जाहीरपणे मत बदललं. वर्तमानपत्रांना याहून काय हवं? पण हाकुता यांनी राज्यभरचे आकडे काढले, तेव्हा गुण द्विभाषिक वर्ग राखलेल्या गावांतही वाढलेले होते आणि जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचेही वाढलेले होते. परीक्षा नवी होती, आणि नवी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सगळ्यांनाच सोपी जाते. शिवाय १९९६पासून खालच्या इयत्तांत वर्गाची पटसंख्या कमी केलेली होती. राज्याने करवून घेतलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासाचा शेवटचा अहवाल २००६ला आला, तेव्हा कोणतीही एक पद्धत सरस असल्याचा पक्का पुरावा नाही, असं त्याने सांगितलं. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता: दहा वर्षं शाळेत काढल्यावरही 'इंग्रजी शिकणारे' या यादीतून मूल बाहेर पडण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून कमी. एक वर्षाच्या कायद्याला हे उत्तर पुरेसं होतं.

या यादीची एक खोड वाचकाने सतत ध्यानात ठेवावी. ज्याचं इंग्रजी सुधारतं तो यादीतून बाहेर पडतो. जो मागे राहतो तोच यादीत मोजला जातो. दरवर्षी हुशार मुलं वजा करायची आणि मग विचारायचं, की या गटाचा निकाल एवढा वाईट का? शाळेने कितीही चांगलं काम केलं तरी हा निकाल वाईटच दिसणार. इलाना उमान्स्की आणि शॉन रिअर्डन यांनी २०१४ साली एका मोठ्या शहरातल्या लॅटिनो मुलांचा बालवर्गापासून माध्यमिक शाळेपर्यंत माग काढला. दोन भाषांच्या वर्गातली मुलं प्राथमिक शाळेत यादीतून उशिरा बाहेर पडत होती. पाचवीला कुणी अहवाल लिहिला असता तर हे वर्ग नापास झाले असते. पण शालान्त वर्गापर्यंत पाहिलं, तर यादीतून बाहेर पडणाऱ्यांचं एकूण प्रमाण याच वर्गांतून अधिक निघालं.

त्याहून पक्का पुरावा पोर्टलंडचा. तिथल्या दोन भाषांच्या वर्गांना मागणी इतकी की प्रवेश सोडतीने देतात. सोडतीमुळे संशोधकांचं मोठं काम आयतंच झालं: चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुलं सारख्याच घरांतली, सारख्याच हौशी पालकांची. जेनिफर स्टील आणि सहकाऱ्यांनी २०१७ला छापलेल्या निष्कर्षांनुसार, चिठ्ठी निघालेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीला सुमारे सात महिने आणि आठवीला सुमारे नऊ महिने पुढे होती. गणित-विज्ञानात फायदा दिसला नाही. तोटाही दिसला नाही. दुसरीकडे रॉबर्ट स्लाविन यांच्या २०११च्या प्रयोगात, जिथे स्पॅनिश लवकर सोडून द्यायची होती, चौथीपर्यंत इंग्रजीत दोन्ही गट बरोबरीत आले. माझ्या लेखी या दोहोंत विरोध नाही. घरची भाषा तीन वर्षं वापरून टाकून दिली तर हाती फार काही लागत नाही आणि फार काही जातही नाही. ती टिकवली तर फळ मिळतं, पण उशिरा मिळतं.

मराठी वाचक हा विषय साधारणपणे मराठी विरुद्ध इंग्रजी माध्यम या चष्म्यातून वाचेल. तो चष्मा थोडा वेळ काढून ठेवावा, असं मला वाटतं. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, हे आपण अभिमानाने सांगतो. मेळघाटात पहिलीत बसलेल्या कोरकू मुलाची, भामरागडच्या माडिया मुलीची, धडगावच्या पावरी बोलणाऱ्या पोराची भाषा त्या आठांत नाही. तिथे मराठीच सॅन फ्रान्सिस्कोच्या इंग्रजीच्या जागी आहे. मास्तर दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला, मूल घरी मराठी न ऐकलेलं, आणि पुस्तक सर्वांना सारखंच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरची भाषा, असं लिहिलं आहे. 'शक्य तिथे' या दोन शब्दांत काय काय मावतं, ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे मोजणीची खोड अमेरिकेच्या उलट चालते. तिथे यशस्वी मूल यादीतून जातं म्हणून निकाल वाईट दिसतो. इथे अयशस्वी मूल दहावीच्या आधीच शाळेतून जातं म्हणून निकाल चांगला दिसतो. बोर्डाच्या टक्केवारीत आठवीला शाळा सोडलेली मुलगी कुठेच नसते.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रस्ताव २२७ची बंधनं ७३ टक्क्यांहून अधिक मतांनी उठवली. मॅसॅच्युसेट्सनेही पुढच्या वर्षी कायदा बदलला. वारं पूर्ण फिरलं असं मात्र नाही. १ मार्च २०२५ला निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा झाली. शिवाय दोन भाषांचे वर्ग आता सुखवस्तू इंग्रजी घरांना हवेसे वाटू लागले आहेत, कारण मुलाला स्पॅनिश किंवा चिनी फुकटात येते. ग्वादालुपे वाल्देस यांनी १९९७ सालीच याबद्दल सावध केलं होतं: एकाच वर्गात एकाच्या स्पॅनिशचं कौतुक होईल आणि दुसऱ्याची स्पॅनिश गृहीत धरली जाईल, तर वर्ग नक्की कुणासाठी?

पण सध्या तिथल्या शाळांना छळणारा प्रश्न याहून साधा आहे. वर्ग उघडायला परवानगी आहे, पालक रांगेत आहेत, शिकवायला माणसं नाहीत. १९९८ ते २०१६ या अठरा वर्षांत जी मुलं शाळेतून गेली ती आज शिक्षक होण्याच्या वयाची आहेत. आजीशी ती स्पॅनिशमध्ये मजेत बोलतात. अपूर्णांक किंवा प्रकाशसंश्लेषण स्पॅनिशमधून शिकवा म्हटलं तर अडतात, कारण ते त्यांना त्या भाषेत कुणी शिकवलेलंच नाही. म्हणून ज्या राज्यात लाखो घरांत स्पॅनिश बोलली जाते, तिथे काही शिक्षक स्पेनहून करारावर बोलावले जातात.